आयत्या बिळातला नागोबा

‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या कष्टावर ऐसपैस बसणाऱ्या माणसासाठी वापरतो. म्हणीतले निरीक्षण खरे आहे. वारूळ बांधते वाळवी, बीळ पोखरतो उंदीर, आणि राहायला येतो साप. पण या कुळात एक स्वाभिमानी अपवाद आहे, तो म्हणजे नागराज, इंग्रजीतला किंग कोब्रा. त्याची मादी शरीराच्या वेटोळ्यांनी पालापाचोळा ओढून आणते, त्याचा ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि वर पहारा देत बसते. हात नाहीत, चोच नाही, तरी घर बांधते. सर्पकुळात असे घरटे बांधणारी ही एकटीच. अशा प्राण्याला माणूस जेव्हा स्वतःच्या हातांनी बांधलेल्या ‘आयत्या बिळात’ ठेवतो, तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. बांधणाऱ्याने कोणाचे देणे लागावे? बाहेर उभ्या असलेल्या माणसांचे, की आत असलेल्या सापाचे?

आपल्या भागाला हा प्राणी परका नाही. गोव्याची रानवट बाजू, पश्चिम घाटाचा कर्नाटकातला पट्टा, आगुंबे, ही त्याची माहेरघरे. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची दोन्ही नावे ठाऊक असतात. इकडे नागराज, तिकडे काळिंग. २०२४ साली शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातला नागराज ही एक वेगळीच जात असल्याचे दाखवून दिले आणि तिला नाव दिले ‘ओफिओफॅगस काळिंगा’. गावच्या बोलीतला शब्द शास्त्राच्या दप्तरी जाऊन बसला. विषारी सापांत जगात सर्वांत लांब असणारा हा गट. दहा-बारा फूट लांबी ही यांच्यात नवलाची गोष्ट नव्हे, काही तर अठरा फुटांपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत.

अशा सापासाठी निवास बांधायचा, तर पहिला विचार बाहेरच्या माणसांचाच करावा लागतो, आणि तो करण्यात कसलाही कमीपणा नाही. एका दाराच्या मागे दुसरे दार, म्हणजे पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. जाड, न फुटणारी काच. सांडपाण्याच्या नळीला, हवेच्या झरोक्याला, दिव्याच्या खोबणीला बारीक जाळी. आत एक लपण्याची पेटी अशी, की साप तीत शिरला म्हणजे बाहेरूनच झडप पाडता यावी आणि मग साफसफाईला आत जावे. साप कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही, आणि हे काम एकट्याने करायचे नाही. कारणही तसेच आहे. आपल्याकडे दवाखान्यांत मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेली असते. नागराजाच्या विषावरची खास लस थायलंडमध्ये तयार होते. तेव्हा इथे चूक सुधारायला मिळणारा अवकाश फार थोडा.

पण कुलपाने सगळे साधते का? २०२२ च्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या स्कानसेन मत्स्यालयात जे घडले ते यासाठी मुद्दाम आठवावे. तिथल्या बंदिस्त पेटीतून सुमारे सव्वादोन मीटर लांबीचा एक नागराज छताच्या दिव्याच्या खोबणीतून निसटला. तोवर तिथे जुन्या पद्धतीचा दिवा होता. तो इतका तापायचा, की साप जवळही जात नसे. मग वीज वाचवणारा नवा दिवा बसवला. तो थंड. एवढ्या एका फरकाने वाट मोकळी झाली. जुना दिवा उजेड देत होता हे सर्वांना ठाऊक होते, तो राखणही करीत होता हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. संसारातसुद्धा असे पुष्कळ दिवे असतात. ते बदलल्यावरच त्यांचे दुसरे काम कळते. दिवा बदलणाऱ्याने काटकसरच केली, गुन्हा केला नाही. पण धोकादायक जीव सांभाळण्याचा वसा घेतला, की साध्या काटकसरीलाही सापाच्या नजरेने तपासावे लागते. सावधपणा हा इथे स्वभावाचा भाग राहत नाही, ते नैतिक कर्तव्य होऊन बसते.

गोष्टीचा पुढचा भाग अधिक विचारात पाडणारा आहे. लोकांनी क्ष-किरणांची यंत्रे आणली, भिंती उकरायला घेतल्या, आणि साधारण आठवड्याने तो नागराज आपण होऊन पुन्हा आपल्या पेटीत आला. जे प्राणी पाळण्याच्या बाजूचे आहेत ते म्हणतील, पाहा, त्याला हेच घर वाटते. जे विरोधात आहेत ते म्हणतील, गुलामाला साखळीची सवय झाली. मला वाटते, दोघेही आपापले मन सापाच्या तोंडून बोलतात. भिंतीच्या पोकळीपेक्षा पेटीत ऊब होती, पाणी होते, ओळखीचा वास होता. त्या परतण्याने एवढेच सिद्ध होते की पेटी भिंतीच्या पोकळीपेक्षा बरी होती. ती रानापेक्षा बरी होती असे त्यातून निघत नाही.

स्वित्झर्लंडमधील प्राणिसंग्रहालयांचे संचालक हाइनी हेडिगर यांनी १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते, की रानातला प्राणीही आपण समजतो तसा मोकळा नसतो. हद्द, भूक आणि शत्रू यांनी तो बांधलेलाच असतो. म्हणून जागा किती दिली यापेक्षा कशी दिली याला महत्त्व आहे. हा विचार मोलाचा आहे, पण सोयीचाही आहे. ‘तसाही तो बांधलेलाच होता’ हे वाक्य प्रत्येक कोंडणाऱ्याने कधी ना कधी उच्चारले आहे.

तेव्हा ‘कशी’ या शब्दाकडे नीट पाहू. १९०७ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी गजांऐवजी खंदकांची प्राणिबाग उघडली. प्रेक्षकाला वाटावे, सिंह मोकळाच आहे. तेव्हापासून ‘नैसर्गिक’ निवासाची चाल पडली. मागच्या भिंतीवर रंगवलेले रान, सिमेंटचे खडक, प्लॅस्टिकच्या वेली. हे सगळे कोणासाठी? साप चित्र बघत बसत नाही. त्याचे जग जिभेने टिपलेल्या वासांचे, जमिनीच्या कंपनांचे, अंगाला चिकटून बसणाऱ्या सांदीचे आहे. त्याला हवी एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा, ओलसर हवा, बुडी मारता येईल एवढे पाणी, अंग पूर्ण ताणता येईल एवढी लांबी, ओढता येईल असा खरा पाचोळा. आणि सर्वांत आधी, कोणाच्याही नजरेला पडू नये अशी एक जागा.

इथेच खरी कसोटी आहे. मुलाबाळांना घेऊन, तिकीट काढून आलेला माणूस काचेपुढे उभा राहतो आणि साप दिसत नाही. मुलगा काचेवर टकटक करतो. अशा वेळी निवास कोणाच्या बाजूने बांधला आहे ते कळते. लपायची जागा काढून टाकली तर प्रेक्षक खूश होतो आणि मागे रंगवलेले रान खोटे ठरते. जागा ठेवली तर प्रेक्षक रिकाम्या हाताने परततो, पण दुसऱ्याच्या घरात आपल्याला हवे ते हवे तेव्हा दिसत नसते, एवढे तरी शिकून जातो.

आणखी एक हिशेब राहतो. नागराज साप खातो. रानात धामण त्याच्या पोटात जाते तेव्हा कोणी जबाबदार नसते, पेटीत आपण असतो. सापाच्या वासाने माखलेले उंदीर खायची सवय त्याला लावता येते, तरी एका जिवासाठी दुसरा द्यावाच लागतो. तेव्हा हा सगळा खटाटोप केवळ दिखाव्यासाठी असेल, तर तो महागडा अन्याय आहे. जखमी, रानात परत जाऊ न शकणाऱ्या सापासाठी, किंवा ज्या ज्ञानाने बाहेरचे साप आणि माणसे दोघेही वाचतील अशा ज्ञानासाठी असेल, तरच त्याचे समर्थन करता येते. आपल्या देशात खाजगी हौसेला कायद्याने १९७२ पासून बंदी आहे, ती योग्यच आहे.

मग सोडून देणे हे नेहमीच पुण्य का? तेही नाही. घरात आलेला साप पकडून कोसभर दूर, अनोळखी रानात सोडला की आपले मन हलके होते. पण हद्द सुटलेला साप आसरा आणि भक्ष्य शोधत भटकतो. आगुंब्यात अशा नागराजांच्या अंगात प्रेषक बसवून त्यांचा माग घेण्याचे काम झाले, ते याच प्रश्नांसाठी. भागवतातली कथा इथे नव्याने वाचावीशी वाटते. कन्नडात तिला काळिंगमर्दन म्हणतात, आपण कालियामर्दन म्हणतो, पण मर्दनावर कथा संपत नाही. कृष्णाने कालियाला मारले नाही, कोंडलेही नाही. यमुनेकाठची माणसे वाचावीत म्हणून त्याला डोहातून घालवले, आणि तो ज्या रमणक द्वीपातून गरुडाच्या भयाने पळून आला होता तिथेच परत पाठवताना, गरुडाने त्रास देऊ नये म्हणून त्याच्या मस्तकावर आपली पावले उमटवून दिली. हद्दपारी आणि अभय, दोन्ही एकाच वेळी.

निवास बांधणाऱ्याने हेच दोन्ही साधायचे असते. बाहेरच्या माणसाला अभय कडीकुलपाचे, आतल्या सापाला अभय आडोशाचे. पहिले नसेल तर ती बेपर्वाई, दुसरे नसेल तर ती गारुड्याची टोपली, फक्त काचेची. आयत्या बिळात नागोबाने बसण्यात नागोबाचा काही दोष नाही. बीळ आपण बांधले, तेव्हा त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागणार.