मालकी आणि अधिकार

एखादी वस्तु दाम मोजून घेतली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत व्यवहारांत इतकी मुरलेली आहे कीं तिच्याविषयीं शंका घेणें हाच वेडेपणा वाटावा. पुस्तक विकत घेणाराला तें कळेलच असें नाहीं, आणि सतार विकत घेणाराच्या बोटांतून यमन निघेलच असें नाहीं, हें आपण सारेच जाणतों. परंतु न वाचलेलें पुस्तक कोणाचा जीव घेत नाहीं व बेसूर सतार फार तर शेजाऱ्याची झोप घेते. म्हणून वस्तु जवळ असणें आणि ती पेलणें यांतील अंतर आपल्या मनास फारसें टोंचत नाहीं. जिच्या अंगीं मालकाहून अधिक सामर्थ्य आहे अशी वस्तु घरांत आली, म्हणजे मात्र तें टोंचूं लागतें. गेल्या वर्षीं माझ्या घरीं अशी एक वस्तु आली. तिच्या सहवासांत जे विचार सुचले ते वाचकांपुढें ठेवीत आहें.

ही वस्तु म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. आतां खेड्यांतहि तिला ‘चेन-सॉ’ असेंच म्हणतात. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यांतील कित्येक नारळी-पोफळीच्या वाड्या त्यानें एका दिवसांत आडव्या केल्या. रस्त्यांवर पडलेलीं झाडें दूर झालीं तीं याच यंत्रांच्या बळावर. तेव्हांपासून आमच्या बाजूच्या बागाइतदारांस या करवतीचें आकर्षण वाटूं लागलें, आणि मीहि त्याला अपवाद नाहीं.

बाजारांत हिच्या दोन जाती मिळतात. एक घरगुती, हलकी, प्लास्टिकच्या कवचाची, वर्षांतून चार फांद्या तोडणाराकरितां केलेली. दुसरी धंदेवाइकाची, दिवसभर जंगलांत राबणाराच्या हातांत शोभावी अशी. माझ्या बागेंतील जुनीं खोडें पहिलीच्या पात्यास दाद देणारीं नव्हतीं, म्हणून मीं दुसरी घेतली. वजन सहा किलोच्या आसपास, शक्ति चार-पांच घोड्यांची. पूर्ण वेगांत तिची साखळी सेकंदाला वीस मीटरांहून अधिक अंतर धांवते. म्हणजे आपण ‘अरे’ म्हणेपर्यंत शेंकडों दांते एका जागेवरून निघून गेलेले असतात.

पहिल्या दिवशीं मला चकित केलें तें मात्र तिच्या आवाजानें नव्हे, वेगानेंहि नव्हे. घरगुती करवतीच्या साखळींत दांत्यांच्या पुढें लहान लहान उंचवटे ठेवलेले असतात. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग चालू स्थितींत एखाद्या कठीण वस्तूस टेकला, तर सारें पातें चालवणाराच्या तोंडाकडे उसळतें. ही उसळी इतकी जलद असते कीं हात आवरण्यापूर्वीं ती होऊन गेलेली असते. ती थोडी मवाळ व्हावी म्हणून ते उंचवटे. धंदेवाइकाच्या साखळींत बहुधा ते नसतात, कारण कापण्याच्या कामांत ते आड येतात. ज्याला ज्या आधाराची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हातीं तो आधार काढून घेतलेली वस्तु आली होती. यांत करणाराची निष्ठुरता नाहीं. एक प्रकारचा आदरच आहे. हें यंत्र ज्याच्या हातीं जाईल तो जाणता असेल असें त्यानें गृहीत धरलें. यंत्रानें मला पाहण्यापूर्वींच माझ्याविषयीं चांगला ग्रह करून घेतला होता, आणि तो खरा नव्हता.

मराठींत ‘अधिकार’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्याचा एक अर्थ हक्क, आणि दुसरा पात्रता. कचेरींतला अधिकारी पहिल्या अर्थाचा. ‘संगीतांतला अधिकारी पुरुष’ असें आपण म्हणतों तो दुसऱ्या अर्थाचा. वेदान्ताच्या ग्रंथांत आरंभीं जे चार अनुबंध सांगतात, त्यांत विषय, संबंध व प्रयोजन यांच्याहि आधीं अधिकारी येतो. हें ज्ञान कोणासाठीं आहे, हा प्रश्न पहिला. या शब्दाच्या आडून आपल्या समाजानें कित्येकांना केवळ जन्मावरून विद्येच्या दारांतून परत पाठवलें, हेंहि येथें स्पष्ट म्हटलें पाहिजे. तो अर्थ गेला तें उत्तम झालें. पण त्याच्याबरोबर पात्रतेचा विचारच गेला काय? जन्माच्या जागीं आतां खिसा येऊन बसला आहे, आणि जन्म काय किंवा खिसा काय, दोहोंपैकीं कोणीहि माणसाच्या हाताची परीक्षा घेत नाहीं.

महाभारताच्या सौप्तिक पर्वांत एक प्रसंग आहे. अश्वत्थामा द्वारकेस जाऊन श्रीकृष्णाजवळ त्याचें चक्र मागतो. श्रीकृष्ण म्हणतो, घे. अश्वत्थामा आधीं डाव्या हातानें, मग उजव्या हातानें तें उचलावयास जातो. चक्र जागचें हलत नाहीं, आणि तो खिन्न होऊन परततो. या कथेंत शस्त्रच धारकाची परीक्षा करतें. देणारानें नाहीं म्हणावयाचें कारणच उरत नाहीं. आमच्या पूर्वजांचीं अवजारें थोडींबहुत या चक्रासारखींच होतीं. कुऱ्हाड अजाण माणसाला फार लवकर नकार देते. दहा घावांत तळहातास फोड येतात, घाव पडतो तो ठरवल्या जागेच्या वीतभर खालीं, आणि तासाभरांत गडी दमून झाडाच्याच सावलींत बसतो. कुऱ्हाड वश होण्यास जीं वर्षें लागत, त्या वर्षांत माणसास नुसती कुऱ्हाडच नव्हे, तर झाडहि कळूं लागे. सहा किलोचें यंत्र मात्र कोणासहि उचलतें. दोरी ओढली कीं तें सुरू होतें, मग ओढणारा कोणीहि असो.

कष्टांची थोरवी गाण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. ओंडका मचाणावर चढवून एक माणूस वर व एक खालीं उभा राहून जेव्हां फळ्या पाडीत, तेव्हां खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. ज्यानें त्याच्या जागीं एक दिवस काढलेला नाहीं, त्यानें यंत्राची निंदा करूं नये. प्रश्न श्रमांचा नाहीं. इच्छा आणि कृति यांच्यामध्यें पूर्वीं जो वेळ जाई, त्याचा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं झाड तोडण्याचा विधि दिला आहे. आदल्या दिवशीं झाडाची पूजा करावी, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांस अन्यत्र जाण्याची विनंति करावी, आणि मग दुसऱ्या दिवशीं घाव घालावा. यास कोणी खुशाल भाबडेपणा म्हणावें. पण त्या विधीनें संकल्प आणि घाव यांच्यामध्यें एक अख्खी रात्र घातली, आणि रात्रींत माणसाचें मन पालटूं शकतें. माझ्या करवतीला दोन फूट व्यासाचें खोड पुरें करण्यास कांहीं मिनिटें पुरतात. तेवढ्यांत मन पालटलें तरी उपयोग नाहीं. झाड तोंवर कललेलें असतें.

साखळी-करवतीचा उगम पाहिला तर मौज वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडांतील जॉन एटकिन व जेम्स जेफ्रे या वैद्यांनीं साखळीस दांते बसवून जी लहानशी करवत केली, ती झाडासाठीं नव्हती. अडलेल्या प्रसूतींत हाड कापण्यासाठीं होती. म्हणजे ही कल्पना जन्मली ती शिकलेल्या हातांत. लाकडावर चालणारीं विजेचीं व पेट्रोलचीं यंत्रें १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत झालीं, आणि तीं प्रथम दोन माणसांनीं धरावीं लागत. एका माणसाच्या हातीं तीं पुढें आलीं, आणि मग कोणाच्याहि.

फिलिपाईन्स देशानें २००२ सालीं खास या करवतीसाठीं कायदा केला. तेथें ती बाळगण्यासच नोंदणी व परवाना लागतो. जंगलतोड थांबवणें हा त्याचा हेतु, तथापि यंत्र जवळ असणें ही केवळ पैशाची बाब नव्हे हें त्यानें ओळखलें. आमच्याकडे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम आहे. आंबा, फणस, चिंच, साग, ऐन हीं झाडें आपल्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून पाडतां येत नाहींत. हा कायदा चांगला आहे. पण तो झाडाची जात विचारतो. घाव घालणाराची विद्या विचारीत नाहीं.

आमच्या वाडींत चाळीस वर्षें कुऱ्हाड चालवलेले एक वृद्ध आहेत. सारे त्यांना अण्णा म्हणतात. यंत्र पाहण्यास ते मुद्दाम आले. कापते किती, पेट्रोल किती पिते, हे प्रश्न इतर सर्वांनीं विचारले होते. अण्णा म्हणाले, “भाऊ, ही थांबते कशी, तें आधीं दाखवा.” मीं पुढच्या बाजूचा ब्रेक दाखवला. तो दोनदां लावून व काढून पाहिल्यावरच ते खालीं बसले. मला पुन्हा अश्वत्थामा आठवला. त्याच पर्वांत पुढें तो अस्त्र सोडतो, अर्जुनहि सोडतो. अर्जुनाला तें परत घेतां येतें, अश्वत्थाम्यास येत नाहीं, आणि सारा अनर्थ त्या एका उणिवेंतून होतो.

अण्णांनीं त्या दिवशीं दोन गोष्टी सांगितल्या. वादळानें पाडलेलें झाड उभ्या झाडाहून कपटी असतें. वांकलेल्या खोडांत ताण भरलेला असतो, आणि कापतांच मुळांचा गड्डा खोडासकट पुन्हा उभा राहूं शकतो. दुसरी, झाडाभोंवतीं एक फेरी घातल्यावांचून हत्यारास हात लावूं नये. त्यांनीं हें यंत्र जन्मांत चालवलेलें नाहीं. माझ्या नांवाची पावती कपाटांत आहे, पण आम्हां दोघांत करवतीचा अधिकारी कोण, असें कोणीं विचारलें तर मी पावती पुढें करणार नाहीं.

तूर्त मी कानस चालवावयास शिकत आहें. या यंत्रांत शिस्त लावणारें जर कांहीं उरलें असेल, तर तें हेंच. साखळी मातीस नुसती टेकली तरी बोथट होते. धार असली तर लाकडाच्या चपट्या कपच्या उडतात, नसली तर नुसतें पीठ. मग मुकाट्यानें खालीं बसून एकेक दांता एकाच कोनानें, एकसारख्या हातांनीं घांसावा लागतो. तीस-पस्तीस दांते, घाई केली तर उजवीकडचे एक व डावीकडचे दुसरे होतात आणि पातें वांकडें चालूं लागतें. पडलेले ओंडके कापतांना दिवाळीनंतर अण्णा माझ्याजवळ उभे राहणार आहेत. उभ्या झाडाविषयीं त्यांनीं अद्याप कांहीं म्हटलेलें नाहीं, आणि मींहि विचारलेलें नाहीं.