पाचवे कारण

कोणतेही कर्म घडण्यासाठी भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार असलेले शरीर, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना प्रकारचे प्रयत्न. दैवाची पाळी सर्वांत शेवटी येते. व्यवहारात मात्र हा क्रम नेमका उलटा लावला जातो. तरुण खेळाडू यशस्वी झाला की त्याचे नशीब फळफळले म्हणतात, मागे पडला की नशिबातच नव्हते म्हणतात, आणि उरलेली चार कारणे तपासायची राहूनच जातात.

उंची लागणाऱ्या खेळात हा प्रश्न सहज दिसतो. पंजाबचा सतनाम सिंग 7 फूट 2 इंच उंचीचा. 2015 मध्ये अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधील डॅलस संघाने त्याची निवड केली. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. अधिष्ठान भक्कम असूनही फळ आले नाही. म्हणजे एकटी देहसंपदा पुरत नाही, हे पाच कारणांच्या यादीतच मान्य केलेले आहे.

नाशिक जिल्ह्यातील उदाहरण याहून बोलके आहे. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा. वडील विहिरी खोदण्याचे काम करत; दत्तूनेही त्यांच्याबरोबर ते काम केले. हा भाग दुष्काळी. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. अशा गावातला मुलगा नौकानयनात, म्हणजे निव्वळ पाण्यावरच्या खेळात, देशाचे प्रतिनिधित्व करील असे कोणत्या ज्योतिषाने सांगितले असते? वडिलांच्या निधनानंतर 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात त्याच्या हाती वल्हे आले. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला तो एकमेव भारतीय नौकानयनपटू होता.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, दैव श्रेष्ठ की पुरुषकार? उत्तरात शेतीचे रूपक येते: पुरुषकार म्हणजे शेत, दैव म्हणजे बी, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय पीक नाही. रूपक नेटके आहे. चांदवडच्या शेतकऱ्याला मात्र तिसरी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही, ती म्हणजे पाणी. गीतेच्या भाषेत ते करणात, साधनात मोडते, आणि साधन हा माणसांच्या हातातला भाग आहे. तळेगाव रोहीपासून काही तासांच्या वाटेवर, नाशिकजवळ गंगापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. तरीही या मुलाला वल्हे सापडले ते घर सोडून सैन्यात गेल्यावर. याला दैव म्हणणे म्हणजे साधनांच्या अभावाला देवाचे नाव देणे. जिल्ह्याच्या पश्चिमेला हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊतही अशीच अनवाणी धावत पुढे आली आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. तिच्या पायांतले बळ जन्माचे असेल. बूट नसणे जन्माचे नव्हते.

फळाचा प्रश्न याहून अवघड आहे. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हा गीतेचा विचार खेळाडूला कसा लागू करायचा? निवड, बढती, बक्षीस हे सारे निकालावरच ठरते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’मध्ये लोकमान्य टिळकांनी कर्म सोडणे नव्हे, तर फळाची आसक्ती सोडून कर्म करत राहणे हाच गीतेचा अर्थ मानला. रिओतील दत्तूची शेवटची शर्यत या अर्थाची कसोटी पाहणारी होती. उपांत्यपूर्व फेरीत तो चौथा आला आणि पदकाच्या वाटेतून बाहेर पडला. पुढे त्याच्या वाट्याला ‘क’ गटाची अंतिम शर्यत आली. ती जिंकणाऱ्याला तेरावा क्रमांक मिळतो. कितीही वेगाने वल्हवले तरी बारावा मिळत नाही. फळाची वरची मर्यादा आधीच आखलेली. तरी तो पहिला आला, 6 मिनिटे 54.96 सेकंदांत. फळासाठीच खेळणाऱ्याला अशा शर्यतीत 2,000 मीटर जीव तोडून वल्हवण्याचे कारण उरत नाही. कारण कर्मातच सापडले असेल, तरच हे घडते.

या खेळाची रचनाही विचार करायला लावणारी आहे. वल्हवणारा नाव जाते त्या दिशेला पाठ करून बसतो. मागे पडलेले पाणी, वल्ह्यांनी उठवलेले भोवरे आणि आपण मागे टाकलेल्या नावा त्याला दिसतात. शेवटची रेषा दिसत नाही. बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते, पाय पट्ट्यांनी बांधलेले असतात, आणि प्रत्येक हिसक्याला मांडी, पाठ, दंड अशी ताकद ओळीने उतरते. गीतेने चेष्टा ‘निरनिराळ्या’ म्हटल्या आहेत त्या अशा.

कर्ता कोण, हा राहिलेला प्रश्न 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला समोर आला. एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू तापाने फणफणला होता. तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह तोच दत्तू चौघांच्या नावेत बसला आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. आदल्या दिवशी शरीराने साथ दिली नाही, दुसऱ्या दिवशी दिली. त्यात दैवाचा वाटा मानायला हरकत नाही. पण नावेत कर्ते चार होते. चौघांच्या आठ वल्ह्यांपैकी एक जरी क्षणभर उशिरा पाण्यात पडले, तरी नावेचा तोल जातो. पाच कारणे सांगून झाल्यावर गीता लगेच म्हणते की, असे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. चौघांच्या नावेत हे तत्त्वज्ञान राहत नाही, साधा अनुभव होतो: पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवायची, त्याच्या लयीत आपले वल्हे टाकायचे, आणि नाव कोणाच्या जोरावर पळते आहे हे चौघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.