मत म्हणजे साक्ष

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. धाराशिवमधील एका मोहल्ल्यात दुपारी आम्ही चहाच्या हॉटेलात बसलो होतो. सुट्टी असल्याने बाकडी भरलेली होती. गॅरेजवर काम करणारा एक पोरगा, एक फळविक्रेता, एक पदवीधर तरुण आणि नोकरीतून निवृत्त झालेले एक चाचा. चौघांपैकी एकट्या चाचांच्याच बोटाला शाई होती. त्यांनी बाकीच्यांना विचारले, तेव्हा फळविक्रेता हसून म्हणाला, "हमारे एक वोट से क्या होता जी?" पदवीधर म्हणाला, "चाचा, आपल्याला विचारतो कोण? तिकीट वाटताना आपण आठवत नाही, मते मागतानाच आठवतो." गॅरेजवाल्या पोराला तर आपले नाव यादीत आहे की नाही हेच ठाऊक नव्हते.

अशा वेळी शहाणपण शिकवायची घाई होते. आम्हाला मात्र या तिघांना बेजबाबदार म्हणवेना. पदवीधराच्या बोलण्यात तथ्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमानांचे प्रमाण साडेअकरा टक्के आहे आणि २०२४ साली निवडून आलेल्या विधानसभेत २८८ पैकी मुस्लिम आमदार दहा. त्याच वर्षी लोकसभेवर महाराष्ट्रातून एकही मुस्लिम निवडून गेला नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली संसदेत आला, आपल्या राज्यात महमुदुर रहमान समितीने २०१३ साली अहवाल दिला. दोन्ही अहवालांवर परिसंवाद पुष्कळ झाले, पण मोहल्ल्यातल्या गटारीवर त्यामुळे फरशी पडली नाही. उदासीनता आकाशातून पडत नाही. अनुभवाने माणूस उदास होतो. म्हणून विचारायचा प्रश्न असा की, हा अनुभव खरा असूनही मत देणे आपले कर्तव्य ठरते काय? आमचे उत्तर 'होय' असे आहे. ते का, हे सांगण्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या जुन्या जखमेपाशी जावे लागेल.

हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरूनच तो उस्मानाबाद झाला. त्या राज्याला आपल्यातले काही लोक 'आपले राज्य' समजत. पण त्या राज्यात इथल्या विणकराला, कसायाला, बागवानाला, शेतमजुराला कधी कोणी विचारले होते काय? भारतात सामील व्हायचे की नाही, रझाकारांच्या हाती बंदुका द्यायच्या की नाही, हे ठरवताना आमच्या आजोबांचे मत कोणी घेतले नव्हते. निर्णय हैदराबादेत झाले. रझाकारांनी जुलूम केले, ते गोरगरीब हिंदूंना सोसावे लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतरच्या सूडाची किंमत, ज्यांना कधी काही विचारलेच नव्हते, अशा गोरगरीब मुसलमानांनी मोजली.

त्या वर्षअखेरीस भारत सरकारने पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरली. काझी अब्दुल गफ्फार हे तिचे एक सदस्य होते. समितीने संपूर्ण संस्थानात मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर, नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव घातले. याच अहवालात असेही नोंदवले आहे की, अनेक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातले. हे आपण विसरता कामा नये.

ज्यांनी पाहिले, त्यांनी त्या समितीपुढे साक्ष दिली. पण तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्धच केला नाही. साक्षी झाल्या आणि कागद बंद कपाटात गेले. आमच्या मागच्या पिढीचे अबोल राजकारण तिथून सुरू झाले असे आम्हाला वाटते. आपले घर सांभाळावे, मशिदीची कमान नीट राखावी, कोणाच्या अध्यात मध्यात पडू नये, ही शिकवण भेकडपणाची नव्हती. सांगूनही ऐकले गेले नाही, त्याचा तो धडा होता.

परंतु त्याच पिढीच्या हाती आणखी एक गोष्ट आली. संविधानाने एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. १९५२ च्या आरंभी हैदराबाद राज्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. आमची आजी सांगत असे, यादी करायला आलेल्या कारकुनाने नाव विचारले तेव्हा ती दाराआडून म्हणाली, "लिखो, फलाने की बीवी." कारकून म्हणाला, "अम्मा, तुमचं स्वतःचं नाव सांगा." माहेर सुटल्यापासून परक्या माणसाने तिचे नाव विचारण्याची ती पहिली वेळ. तिने नाव सांगितले आणि ते यादीत आले. देशात सगळ्यांचे तसे झाले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितल्यामुळे, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्या निवडणुकीत यादीबाहेर राहिली. नाव सांगणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या आकड्यावरून कळते.

आता मुख्य मुद्दा. मत हे काय आहे? व्यापार आहे काय, की दिले आणि मोबदला मिळाला नाही तर पुन्हा त्या दुकानी जायचे नाही? तसे मानले तर फळविक्रेत्याचे बरोबर आहे. एका मताला बाजारात किंमत नाही. आपल्या परंपरेत मात्र अनेक आलिमांनी मताला 'शहादत' म्हटले आहे. अमुक माणूस या कामास लायक आहे, अशी मी माझ्या जाणिवेप्रमाणे साक्ष देतो, असा मताचा अर्थ. आणि साक्ष लपवू नये, ती आपल्या माणसाविरुद्ध जात असली तरी खरी द्यावी, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्म बाजूला ठेवून नुसत्या नीतीने पाहिले तरी ही व्याख्या टिकते.

मत म्हणजे साक्ष, हे एकदा मान्य केले की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात.

पहिली गोष्ट, साक्षीदार निकालाचा विचार करून साक्ष देत नाही. खटला हरला तरी त्याचे कर्तव्य पार पडलेले असते. 'माझ्या एकाने काय होणार' हा प्रश्न साक्षीदाराला शोभत नाही. आणि कधी कधी एकाने खरोखर होतेही. त्याच २०२४ च्या निवडणुकीत मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली. आपल्याच जिल्ह्यातील परंड्याचा निकाल सुमारे दीड हजार मतांनी लागला. त्या चहाच्या हॉटेलासारखी किती हॉटेले असली म्हणजे १६२ मते होतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरी गोष्ट, साक्षीदाराला प्रकरण ठाऊक असले पाहिजे. न पाहता दिलेली साक्ष खोटीच. म्हणून शाई लावून आले की कर्तव्य संपले, असे आम्ही म्हणणार नाही. उमेदवारावर गुन्हे कोणते, मालमत्ता किती, शिक्षण काय, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देणे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे बंधनकारक झाले. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या मुलीने ती मोबाइलवर उघडून चार बायकांना वाचून दाखवली, तर तो एखाद्या भाषणापेक्षा मोठा उपक्रम ठरेल. आपला जिल्हा नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत होता, म्हणजे देशातील मागे राहिलेल्यांत. मग पाणी, दवाखाना, उर्दू आणि मराठी शाळांतले शिक्षक, तोडणीला जाणाऱ्यांची मुले, यांबद्दल उमेदवाराने काय केले, हे विचारायला नको काय? ही दुखणी काही एकट्या मुसलमानांची नाहीत. कळंब-वाशीचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन घर सोडतो, तेव्हा त्याचेही मत गावातच राहते.

तिसरी गोष्ट, पैसे घेऊन दिलेली साक्ष ही साक्ष नव्हे. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत काय फिरते ते सगळ्यांना माहीत आहे. 'त्यांचेच पैसे आहेत, घ्या आणि मनाला येईल तिथे द्या' असे सांगणारेही असतात. पण घेतलेला पैसा माणसाचे तोंड पाच वर्षे बंद करतो. नळाला पाणी का नाही, असे विचारायला गेले की उत्तर मिळते, तुमचा हिशेब त्याच रात्री झाला. लाच देणारा आणि घेणारा दोघेही दोषी, हे कायदाही सांगतो आणि दीनही सांगतो.

चौथी गोष्ट आपल्या घरातली आहे. साक्ष ज्याची त्याने द्यायची असते. मोहल्ल्यातील चार प्रतिष्ठितांनी ठरवावे आणि सगळ्यांनी तिकडे बटण दाबावे, नवऱ्याने सांगावे आणि बायकोने मान हलवावी, ही साक्ष नाही, पढवलेले बोल आहेत. सल्लामसलत जरूर व्हावी. शूरा आपल्याला नवीन नाही. पण सल्ला घेणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हाती आपली जबान देणे वेगळे. गठ्ठ्याने पडणाऱ्या मतांचा सौदा होतो, तो गठ्ठ्याच्या मालकाशी. मतदाराला त्यात कोणी विचारत नाही. पदवीधराची जी तक्रार आहे, तिचे एक मूळ इथे आहे.

कोणी म्हणेल, एकही उमेदवार साक्ष देण्याजोगा नसेल तर? मग घरी बसणे हा निषेधच नव्हे काय? आम्ही या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. निषेध तो, जो दुसऱ्याला कळतो. घरी बसलेल्या माणसाची नोंद आळशी, आजारी, बाहेरगावी आणि नाराज अशी वेगवेगळी होत नाही. २०१३ पासून 'नोटा' आहे. तो निदान मोजला तरी जातो. आणि बहुतेक वेळा प्रश्न चांगला की वाईट असा नसतो, कमी वाईट कोण, असा असतो. पंच नेमतानाही आपण फरिश्ता शोधत नाही.

मत नसणे म्हणजे काय, याचा अनुभवही आपण नुकताच घेतला. २०२२ च्या सुमारास मुदती संपल्यावर राज्यातील बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. दिवा बंद पडला तरी जाब विचारायला नगरसेवक नव्हता. नगरसेवकावर चिडणाऱ्यांनाही तेव्हा त्याचे दार आठवले. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील बहुतेक नगरपरिषदांसाठी मतदान झाले, तेव्हा ते दार पुन्हा उघडू लागले.

राहिली यादी. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये मतदार यादीचा जो मसुदा निघाला, त्यातून सुमारे ६५ लाख नावे वगळलेली होती. ती कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. आपण त्यापासून एवढाच बोध घ्यावा की, यादी मतदानाच्या दिवशी पाहायची नसते. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना ६, दुरुस्ती आणि स्थलांतरासाठी नमुना ८. 'शेख'चे 'शेक' झालेले असते, सुनेचे नाव माहेरच्याच गावी राहिलेले असते, मयताचे नाव तसेच असते. जुम्याच्या नमाजनंतर, बचत गटाच्या बैठकीत, लग्नघरी जमलो असताना ही यादी एकदा वाचावी. यात कोणत्याही पक्षाचा प्रचार नाही.

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. काहींना आनंद झाला, काहींना वाईट वाटले. आम्हाला वाटते, जमिनीवरचे नाव बदलले तरी यादीतले आपले नाव आपल्या हाती आहे. १९४८ साली आमच्या वडीलधाऱ्यांनी दिलेली साक्ष कपाटात बंद झाली. मतपेटीतली साक्ष मात्र कोणाला कपाटात ठेवता येत नाही, ती मोजावीच लागते. शिवाय ती गुप्त असते, म्हणून दुबळ्यातला दुबळाही ती न भिता देऊ शकतो.

त्या दुपारी चाचा उठले आणि गॅरेजवाल्या पोराला म्हणाले, "चल बेटा, नाव तर बघू." आम्हीही सोबत गेलो. यादीत त्याचे नाव नव्हते. कारण त्याने ते कधी दिलेच नव्हते. तो मान खाली घालून परतला. पुढच्या महिन्यात त्याने नमुना ६ भरला आणि आपल्या दोन बहिणींचेही अर्ज स्वतः नेऊन दिले.