हात-पाय चालते आहेत तोवर



"देवा, हात-पाय चालते असतानाच ने. कोणावर भार होऊ देऊ नकोस." साठी उलटलेल्या मराठी माणसाच्या तोंडी ही प्रार्थना असतेच. पहाटे मरोदा तलावाच्या बाजूला फिरणारे आपले ज्येष्ठ भिलाईकर झपाझप पावले टाकतात, त्यामागेही बहुधा हीच प्रार्थना असते. ती चुकीची आहे असे कोण म्हणेल? पण साधकाने आपली प्रार्थनाही एकदा तपासून पाहावी. मुलांना त्रास नको, हे त्यातले प्रेम झाले. पण तिथेच आणखी एक गोष्ट दडलेली असते : आयुष्यभर मी दिले, आता घेण्यासाठी हात पुढे करणार नाही. हा अभिमान आहे, आणि तो स्वाभिमानाचे कपडे घालून येतो म्हणून लवकर ओळखू येत नाही.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात आणि पुढेही नागपूर-गोंदियाकडून कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली. पाळीच्या वेळेवर उठणे, जेवणे, झोपणे. सगळे घर पाळीवर चालायचे. मग साठाव्या वर्षी हार-तुरे होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेच जायचे नसते. मुले पुण्याला, बंगळुरूला. अशा वेळी आरोग्य हीच नवी ड्युटी होऊन बसते. साखर किती, दाब किती, फेऱ्या किती झाल्या. हे आकडे सांभाळावेतच, पण ते कशासाठी, हा प्रश्न राहतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे 104 वर्षे जगले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याहून सांगण्यासारखे म्हणजे ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी 1936 मध्ये नवी संस्था सुरू केली, तेव्हा ते 78 वर्षांचे होते. 1944 मध्ये, 86व्या वर्षी, माणसामाणसांतील भेद मिटावा म्हणून त्यांनी समता संघ स्थापन केला. शंभरी गाठायची म्हणून कोणी शाळा काढत नाही. काम समोर होते, म्हणून शरीर हवे होते.

शरीराचाही एक हिशेब आहे. वयाबरोबर स्नायू झिजतात. ते न वापरल्यास फार लवकर झिजतात, आणि मांड्या कमजोर झाल्या की तोल जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. नुसते फिरणे पुरत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, इतके घरातही होते. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आता कोणी म्हणेल, ज्यांचे शरीरच साथ देत नाही, त्यांचे काय? त्यांनी स्वतःला निरुपयोगी समजायचे का? बाबा आमटे यांच्या पाठीच्या कण्याचे दुखणे असे होते की त्यांना बसता येत नसे; एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. डिसेंबर 1985 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले. बरोबरचे तरुण सायकलवर आणि बाबा वाहनात पडून. साधनाताई आणि सहकारी त्यांची शुश्रूषा करत होते. ती त्यांनी घेतली, आणि त्यामुळे त्यांचे काम कुठे लहान झाले नाही. मला तर वाटते, सेवा करण्यापेक्षा ती प्रसन्नपणे करून घेणे अवघड आहे. सून पाणी घेऊन आली तर "राहू दे, मी घेतो" हे आपल्या तोंडून किती पटकन निघते!

तेव्हा व्यायाम सोडू नका. उद्याच्या फेरीत फक्त एवढे करून पाहा. दोन घरे पलीकडे कोणी असेल, ज्याला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे आणि एकट्याने बँकेपर्यंत जाववत नाही. त्याच्या दारावरून वळसा घाला. तुमचे पाय चालतात, त्याला तुमच्या खांद्याची गरज आहे. आणि परतताना पायरीवर नातवाने हात पुढे केला, तर तो धरा. गरज नसली तरीही.