श्रद्धा नसलेल्यांशी बायबलविषयी बोलताना

दोन ख्रिस्ती माणसांत वाद झाला, तर बायबलचे वचन दाखवून तो मिटू शकतो. निदान त्याला दिशा मिळते. पण ज्याला बायबल ईश्वरप्रेरित वाटतच नाही, त्याच्यापुढे तेच वचन ठेवून काय साधणार? बायबल सांगते म्हणून देव आहे आणि देवाचे वचन म्हणून बायबल खरे, ही साखळी निधर्मी श्रोत्याच्या पहिल्याच प्रश्नाला तुटते. म्हणून अशा माणसाशी बोलताना पवित्र शास्त्र बाजूला ठेवायचे, की वेगळ्या रीतीने हाती घ्यायचे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापुढे अगदी आरंभापासून आहे.

त्याचा सर्वांत जुना नमुना नव्या करारातच सापडतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात प्रेषित पौल थेस्सलनीका येथील यहुदी सभास्थानात तीन शब्बाथ शास्त्रलेखांच्या आधारे वाद घालतो, कारण ते लेख समोरच्यांनाही मान्य होते. अथेन्सला आल्यावर मात्र त्याची गाठ एपिकूरपंथी आणि स्तोयिक तत्त्ववेत्त्यांशी पडते. एपिकूरपंथी आजच्या अर्थाने नास्तिक नव्हते, पण देव असले तरी ते माणसाच्या भानगडीत पडत नाहीत, असे त्यांचे मत होते. तिथल्या अरीयपगावरच्या भाषणात पौल यहुदी शास्त्राचा हवाला देत नाही. तो सुरुवात करतो ती अज्ञात देवाला वाहिलेल्या एका वेदीपासून, जी त्याने त्याच नगरात पाहिली होती. पुढे दाखला देतो तो ग्रीक कवींचा. त्यातले शब्द अरातसच्या नक्षत्रांवरील काव्यात आहेत, आणि अरातस पौलाच्याच किलिकिया प्रांतातला. भाषणाचा गाभा मात्र पूर्णपणे बायबलचाच आहे: एकच निर्माता, हातांनी बांधलेल्या मंदिरात न मावणारा, आणि सर्व राष्ट्रांचा उगम एकाच माणसापासून. पुनरुत्थानाचा विषय निघताच काहींनी टर उडवली, काही म्हणाले की पुन्हा केव्हातरी ऐकू, आणि दिओनुस्य, दामारी अशा थोड्यांनी विश्वास ठेवला. काही भाष्यकार या भाषणाला अपयशी ठरवतात. तो निवाडा अन्यायाचा आहे. समोरच्याच्या बुद्धीचा मान राखून बोलले, तर उत्तरे अशी तीन तऱ्हांची यायचीच.

शास्त्राचा आधार कुठे घ्यायचा नाही, हे बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या प्रारंभी ‘उत्पत्ती’वरील भाष्यात बजावले. आकाश, ग्रहताऱ्यांच्या गती, ऋतू यांविषयी ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही निरीक्षणाने आणि बुद्धीने पुष्कळ कळते. तिथे ख्रिस्ती माणूस शास्त्राचे नाव घेऊन काहीबाही सांगू लागला, तर ऐकणारा हसतो. आणि ज्या गोष्टी त्याला पक्क्या ठाऊक आहेत, त्यांतच ज्या ग्रंथाची चूक दिसते, त्यावर पुनरुत्थानाच्या बाबतीत तो विश्वास कशाला ठेवील? पृथ्वीचे वय आणि उत्क्रांती यांवरून आजही होणाऱ्या वादांना हे जसेच्या तसे लागू पडते. कॅथलिक चर्च आणि अनेक प्रॉटेस्टंट चर्च ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय विज्ञानाचा पाठ म्हणून वाचत नाहीत, काही इव्हँजेलिकल गट वाचतात, आणि निधर्मी माणसाला बहुधा तेवढेच ऐकून ठाऊक असते.

नैतिक आक्षेप याहून जड आहेत. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1927 मध्ये लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये ‘मी ख्रिस्ती का नाही’ हे व्याख्यान दिले. येशूची काही शिकवण त्याने वाखाणली, पण नरकाची भीती घालणे आणि बिनहंगामात अंजिराच्या झाडाला शाप देणे त्याला पटले नाही. त्यात यहोशवाच्या पुस्तकातील यरीहोच्या कत्तलीची भर घालता येते. ही पाने झाकून ठेवणारा प्रचारक संवाद तिथेच गमावतो. ती उघडी ठेवून एवढेच दाखवता येते, आणि ते थोडके नाही, की बायबल हा एका सुरात बोलणारा ग्रंथ नाही. योनाच्या पुस्तकात शत्रूच्या निनवे नगराला देव क्षमा करतो आणि संदेष्टाच रागावून बसतो. ईयोबाचे पुस्तक तर याही पुढे जाते. मुलेबाळे, संपत्ती, आरोग्य गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र अध्यायामागून अध्याय देवाची बाजू मांडतात, तुझ्याच पापाचे हे फळ असे त्याला सुनावतात. शेवटी देव स्वतः बोलतो तेव्हा तो मित्रांवर कोपतो, आणि आपल्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, असा निर्वाळा देतो. देवाच्या वकिलांना देवानेच खोटे ठरवावे, हा प्रसंग आपल्या धर्मग्रंथात जपून ठेवणाऱ्या परंपरेला प्रश्न विचारणाऱ्याशी बोलणे जड जाऊ नये.

रसेल आणि जेझुइट धर्मगुरू फ्रेडरिक कॉपलस्टन यांचा 1948 मधील बीबीसीवरील वाद अशा चर्चांत नेहमी आठवला जातो. त्यात भर होता तो विश्वाला कारण हवे की नको, यावर. तर्क दोन्हीकडून स्वच्छ होता, पण ख्रिस्त त्यात जवळजवळ आलाच नाही. मिलानचे आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी यांनी केलेला प्रयत्न अधिक खोल होता. ते स्वतः नव्या कराराच्या ग्रीक संहितेचे संशोधक. 1987 पासून त्यांनी ‘अश्रद्धांचे पीठ’ या नावाने जाहीर सभा भरवल्या. तिथे श्रद्धा नसलेल्यांना बोलायला बोलावले जाई आणि श्रद्धावंत त्यांचे ऐकत. प्रत्येकाच्या आत एक श्रद्धावंत आणि एक अश्रद्ध असतो आणि ते एकमेकांशी बोलत असतात, ही त्यामागची धारणा. पुढे 1995-96 मध्ये कादंबरीकार उंबेर्तो एको यांच्याशी त्यांचा नियतकालिकातून पत्रव्यवहार झाला. एको यांनी विचारले, स्त्रियांना पौरोहित्य का नाही? मार्तिनींनी विचारले, वरती कोणी नसेल, तर नीतीचा आधार कोणता? दुसरा माणूस समोर येतो तिथे नीती सुरू होते, असे एको यांचे उत्तर होते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेपासून ते फार दूर नाही. पण दोघांनीही या जवळिकीचे भांडवल करून मतभेद पुसून टाकला नाही.

मतभेद अखेर येऊन ठेपतो तो पुनरुत्थानावर. येशूला रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत देहदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही नोंदवतो आणि बहुतेक निधर्मी इतिहासकार ते मान्य करतात. त्यानंतर थोड्याच काळात अनुयायी तो दिसल्याचे सांगू लागले, हेही सहसा नाकारले जात नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, घटनेनंतर पाव शतकाच्या आत, तो ज्यांना दिसला त्यांची यादी पौल देतो. या अनुभवांचा अर्थ काय, इथे वाटा फुटतात. शोकातून झालेले भास, असे एक म्हणतो. तो खरोखर उठला, असे दुसरा. निर्णय केवळ कागदपत्रांवर होत नाही, कारण देव असू शकतो की नाही याविषयी प्रत्येकाने आधी जे मानलेले असते, तेही त्यात उतरते. ख्रिस्ती माणसाने हे उघडपणे कबूल करावे आणि दुसऱ्यालाही त्याचे गृहीत तपासायला सांगावे. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल स्वतःच मान्य करतो की ख्रिस्त उठला नसेल, तर आपला उपदेश पोकळ आणि ऐकणाऱ्यांचा विश्वासही व्यर्थ.