हवेत सुटलेला हात

बॅगेवर मारलेला ठोसा बॅग अडवते. शॅडो बॉक्सिंगमध्ये समोर काहीच नसते. सुटलेला हात आपला आपणच थांबवावा लागतो. या सरावात सांधे का दुखतात, याचे बरेचसे उत्तर मला याच एका गोष्टीत सापडत आले आहे. मार बसत नाही, ग्लोव्हज लागत नाहीत, म्हणून हा व्यायाम निरुपद्रवी समजला जातो. नवखा माणूस आरशासमोर उभा राहतो आणि जीव खाऊन हवेत हात मारत सुटतो. चार दिवसांनी कोपराच्या मागे काहीतरी बोचू लागते.

कोपर सरळ करण्याचे काम दंडाच्या मागच्या स्नायूचे. त्याला शेवटच्या क्षणी आवर घालायचा तो पुढच्या स्नायूने, ज्याची बेटकुळी आपण लहानपणी फुगवून दाखवतो. हा आवर वेळेवर बसला नाही, तर हाताच्या हाडाचे मागचे टोक दंडाच्या हाडातल्या खोबणीत जाऊन आदळते. एकदा आदळल्याने काही होत नाही. पण क्वीन्सबेरी नियमांनी 1867 पासून रूढ केलेला राउंड तीन मिनिटांचा आहे, आणि तेवढ्या वेळात माणूस सहज शंभराहून जास्त ठोसे मारतो. खांद्याचे तर त्याहून नाजूक. त्याची वाटी मुळातच उथळ. तिच्याभोवतीचे चार लहान स्नायू हाताला जागेवर धरून ठेवतात, आणि वेगाने पुढे गेलेल्या हाताला खेचून धरण्याचे कामही त्यांच्याकडेच येते.

म्हणून मी शिकवायला बसलो की ठोसा पुढे कसा न्यायचा यापेक्षा मागे कसा आणायचा यावर जास्त वेळ घालवतो. कोपर पूर्ण ताठ होण्याआधी, किंचित वाक शिल्लक असतानाच हात परतला पाहिजे, आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हनुवटीपाशी आला पाहिजे. जाताना मूठ सैल असावी. ती आवळायची फक्त शेवटी, मनगट सरळ ठेवून. ताकद निम्म्याहून कमीच वापरावी. वेग हवा तर तो परतीत हवा.

पण हे सगळे कळूनही हात ताणला जातो, कारण प्रतिस्पर्धी आपण मनात फार लांब उभा केलेला असतो. मग त्याला गाठायला खांदा निखळेल इतका पुढे जातो. आमचे सर त्याला हाताच्या टप्प्याच्या आत, श्वास ऐकू येईल इतका जवळ उभा करायला लावत. लांबचा असेल तर पाय टाकून जवळ जायचे, हात लांबवून नाही. माझ्या मते कोपर वाचवणारी यापेक्षा चांगली सूचना नाही.

हवेशी लढण्याचा हा सराव फार जुना आहे. जोडीदार मिळाला नाही तर मुष्टियोद्धा निर्जीव पुतळ्याशी लढेल, आणि तोही नसेल तर स्वतःच्या सावलीशी, असा उल्लेख प्लेटोच्या ‘लॉज’ या ग्रंथात येतो. एकट्याने करायचे काम असल्यामुळे कुठे बिघडते आहे हे सांगायला समोर कोणी नसते, आणि शरीराची कुरकूर आपली आपणच ऐकावी लागते.

हलके डंबेल्स हातात घेऊन ठोसे मारण्याची पद्धत मला पटत नाही. वजन खाली ओढते, ठोसा पुढे जातो. त्यामुळे ठोशाला बळ मिळण्याऐवजी खांदा नुसता ते वजन तोलत राहतो, आणि थांबवायचा भारही वाढतो. ताकदीसाठी जोर काढावेत, बॅग आहेच.

गुडघ्याचे दुखणे मात्र हातांमुळे नसते. हुक मारताना कंबर वळते. तिच्याबरोबर पायानेही चवड्यावर, टाच उचलून वळायला हवे. गच्चीच्या खरखरीत कोब्यावर रबरी तळव्याचे बूट घट्ट धरून बसतात, पाऊल जागचे हलत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघा मुख्यतः वाकण्यासाठी घडलेला सांधा आहे, त्याला असा पीळ सोसत नाही. गुळगुळीत फरशीवर उलटी भीती, पाय घसरण्याची. पाऊल फिरेल पण निसटणार नाही, अशी जागा शोधण्यात एखादी संध्याकाळ गेली तरी ती सार्थकी लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंडात, पाठीत, पोटऱ्यांत येणारा ठणका स्नायूंचा असतो. तो आपोआप जातो. हात सरळ करताना नेमक्या शेवटी येणारी कळ, बोट ठेवून दाखवता येईल असा सांध्यातला दुखरा बिंदू, सूज, ही लक्षणे वेगळी. तिथे सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. दम लवकर वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांना मात्र कितीतरी जास्त वेळ लागतो. उत्साहाच्या पहिल्या महिन्यात दुखणी येतात ती या तफावतीमुळेच. शरीर साथ देते आहे असे वाटत असतानाच राउंड वाढवण्याची घाई आवरावी लागते.

आपल्याकडे चिकुनगुनियाने सांधे धरलेली माणसे हल्ली घरोघरी भेटतात. ताप उतरला तरी मनगटे, घोटे काही आठवडे, कित्येकदा महिनोन्‌महिने दुखत राहतात. त्यांनी डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय ठोसे मारू नयेत. होकार मिळाला की आधी नुसते पाय: पुढे, मागे, बाजूला सरकणे, हात गार्डमध्ये सैल. सकाळी सांधे आखडलेले असतात, तेव्हा संध्याकाळची वेळ बरी. मग ठोसे उघड्या पंजाने, संथ, अर्ध्या अंतरापर्यंतच.