जिथे यंत्र नाही, तिथे कडूलिंब आहे

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातली दोन्ही शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात नाव लागणे भूषणाचे नाही. हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांची ती यादी आहे. तरीही नाव लागले की हवा मोजावी लागते, आराखडा करावा लागतो, निधी येतो. अमरावतीहून यवतमाळला जाताना बडनेऱ्यानंतर लागणारे नांदगाव खंडेश्वर त्या यादीत नाही. हेमाडपंती देवळाचे हे तालुक्याचे गाव. यवतमाळकडची वाहतूक इथूनच जाते आणि तालुक्याच्या शिवारातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आहे. कार्यक्रम शहरांचा, म्हणून खराब हवाही शहरांचीच, असा समज अशा गावांत आपोआप रुजतो. तो समज घातक आहे. मोजमाप नसले की तक्रारीला आधार राहत नाही, आणि आधार नसलेली तक्रार कोणत्याही कार्यालयात टिकत नाही.

हवा सतत मोजणारे स्वयंचलित केंद्र उभारायचे तर खर्च कोटीच्या घरात जातो. पुढे वीज, देखभाल, माणसे वेगळीच. ते प्रत्येक तालुक्याला मिळेल अशी चिन्हे नाहीत. पण रस्त्याकडेचे कडूलिंब, वड, पिंपळ दिवसरात्र धूळ झेलत उभे आहेत. त्यांच्या पानांवरची नोंद वाचण्याची रीत विज्ञानाला अवगत आहे आणि ती चुंबकत्वाची आहे.

इंजिनातून, ब्रेकच्या घर्षणातून आणि कोळशाच्या ज्वलनातून लोहाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांत मॅग्नेटाइट हे प्रखर चुंबकीय खनिज असते. पानाला स्वतःचे असे चुंबकत्व जवळजवळ नसतेच. त्यामुळे पाने वाळवून, लहान डबीत भरून, तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवली आणि नंतर त्यांच्यात उरलेले चुंबकत्व मोजले, तर जे हाती लागते ते धुळीतल्या लोहकणांचे माप असते. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात मात्झका आणि बार्बरा माहेर यांनी बर्चच्या पानांवर केलेला असा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एकाच झाडाची रस्त्याकडची पाने पलीकडच्या पानांपेक्षा अधिक चुंबकीय निघाली, आणि पावसानंतर हे माप घटले. भारतातही बनारस हिंदू विद्यापीठात आणि ऐजॉलच्या मिझोराम विद्यापीठात रस्त्याकडेच्या झाडांवर असे काम झाले आहे. माहेर यांच्याच गटाने २०१६ साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृत व्यक्तींच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण दाखवले. त्यांतल्या अनेकांचा गोल आकार उच्च तापमानाच्या ज्वलनाकडे बोट दाखवणारा होता. त्यांचा मेंदूच्या विकारांशी कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. पण पानावर बसणारी धूळ श्वासातही जाते, एवढे समजायला त्या सिद्धतेची वाट पाहण्याची गरज नाही.

चुंबकत्व मोजण्याच्या या विद्येचे घर महाराष्ट्रातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून तिचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात ती अलिबागला नेली गेली आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. त्याच परंपरेतून उभ्या राहिलेल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी २०११ साली मुंबईच्या खाडीलगतच्या गाळातून औद्योगिक प्रदूषणाची सुरुवात चुंबकीय मोजमापाने वाचून दाखवली. ज्या शहराच्या गोंगाटापासून एकेकाळी उपकरणे लांब न्यावी लागली, त्या शहराची खूण वाचण्याचे साधन आज तेच शास्त्र झाले आहे. ते पनवेलहून वऱ्हाडात आणणे अशक्य नाही.

मात्र नॉरिचची रीत जशीच्या तशी उचलून नांदगावला चालणार नाही. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेली आहे आणि त्या खडकात टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज भरपूर आहे. वखरणीच्या दिवसांत वावरातून उडणारी धूळही चुंबकीय असते. पानाचे माप वाढलेले दिसले की ते ट्रकचेच, असे इथे म्हणता येणार नाही. त्यासाठी रस्त्यापासून दूर, शिवाराच्या आत, धुऱ्यावरच्या त्याच जातीच्या झाडाची पाने त्याच आठवड्यात, त्याच उंचीवरून घ्यावी लागतील. जवळच्या मातीचे नमुने घ्यावे लागतील. सूक्ष्मदर्शकाखाली ज्वलनातले गोल कण आणि मातीतले कोनदार कण वेगळे करावे लागतील. कडूलिंब यासाठी सोयीचा आहे. त्याला चैत्राच्या आसपास नवी पालवी येते, त्यामुळे पानाचे वय ठाऊक असते, आणि मृगाचा पाऊस येण्याआधी त्यावर कोरड्या दिवसांची धूळ साठलेली असते.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. चुलीत जळणारी पऱ्हाटी, पेटवलेला कचरा, जिनिंगमधला कापसाचा तंतू, मळणीयंत्रातून उडणारे सोयाबीनचे कुटार यांत लोहकण नगण्य असतात. छातीला त्यांचा त्रास होतो, पण चुंबकीय मापात ते फारसे उमटत नाहीत. म्हणून पानाचे माप कमी आले म्हणजे हवा चांगली, असा दाखला कुणी देऊ लागला तर तो नाकारला पाहिजे. पाने सांगतात ती वाहनांची, लोखंडाची आणि कोळशाच्या राखेची गोष्ट. स्वयंपाकघरातल्या धुराचे मोजमाप वेगळ्या साधनांनी करावे लागेल, आणि ज्या बाया तो धूर रोज सोसतात त्यांच्यासाठी ते तितकेच तातडीचे आहे.

आणखी एक मोह टाळायला हवा. झाड धूळ धरते म्हटले की झाडे लावली की झाले, असे सांगणारे पुढे येतात. झाडे लावावीत, जुनी तोडू नयेत. पण पानावर अडकलेली धूळ पावसाने खाली येते, वाळून पुन्हा उडते. धूर इंजिनात, चिमणीत आणि रस्त्यावरच कमी करावा लागतो. झाडाला साक्षीदार करताना त्याच्यावर आपली जबाबदारी ढकलता येणार नाही.

मग करायचे काय? नांदगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बसस्थानक, बाजार, शाळा, महामार्गालगतची गावे आणि दूरचे शिवार इथली पाने वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, जमवावीत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने त्यांना पद्धत शिकवावी, भूचुंबकत्व संस्थेने नमुने मोजावेत, आणि निकाल नगरपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. ज्या शाळेजवळची पाने सर्वांत जास्त माप दाखवतील, तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाने काही आठवडे फिरते यंत्र आणून ठेवावे. सगळीकडे यंत्र देता येत नसेल, तर ते आधी कुठे ठेवायचे हे पाने सांगू शकतील.

हे काम लांबणीवर टाकण्याची किंमत आहे. समृद्धीवरची वाहतूक वाढेल, रस्ते रुंद होतील, जुने कडूलिंब त्यात जातील. आज घेतलेले माप पुढच्या प्रत्येक वर्षाच्या तुलनेचा पाया ठरेल. आज न घेतलेले माप नंतर कितीही पैसा घातला तरी घेता येणार नाही.